खात्यात अनोळखी पैसे आले तर खर्चू नका, फोनवरून परतही पाठवू नका



मालाची पट्टी, पीक विमा, अनुदान, दुधाचं बिल, उसाचा हप्ता... सगळं आता थेट बँक खात्यात येतं. त्यामुळे मोबाईलवर ‘रक्कम जमा’ असा मेसेज आला की ती कशाची हे लगेच कळत नाही. कधीकधी दुसऱ्याचेच पैसे आपल्या खात्यात येऊन पडतात. अशा वेळी दोन चुका होतात. एक तर ‘आले ना, मग आपलेच’ म्हणून खर्च होतात. नाहीतर फोनवर गयावया करणाऱ्या माणसाच्या नंबरवर घाईघाईने परत जातात. दोन्हीत नुकसान आपलंच होतं. म्हणून आजचा मेसेज थोडा मोठा आहे. सवडीने पूर्ण वाचा आणि घरात ज्याच्या हाती मोबाईल असतो त्यालाही वाचायला द्या.

*थोडक्यात लक्षात ठेवायचं:*
१. रक्कमेला हात लावू नका.
२. कुणाच्याही फोनवरून पैसे पाठवू नका.
३. बँकेत लेखी अर्ज द्या. पैसे ज्या खात्यातून आले, त्याच खात्यात बँकेमार्फत परत जाऊ द्या.

*पैसे चुकून येतात कसे?*

बँकेचं काम नावावर नाही, खाते क्रमांकावर चालतं. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना नाव बरोबर लिहिलं, पण क्रमांकातला एक आकडा चुकला, तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडू शकतात. पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव दिसावं, ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. पण दिसलेलं नाव वाचायचं काम शेवटी पाठवणाऱ्याचंच. यूपीआयवर मोबाईल नंबरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी तीच गत.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं. एका गावात एकाच नाव-आडनावाचे दोन-तीन जण असतात. यादी करताना एकाचा खाते क्रमांक दुसऱ्याच्या नावापुढे लागतो. कधी व्यापाऱ्याकडून एकच पट्टी दोनदा जमा होते, कधी एक शून्य जास्त पडतं.

*आधी तपासा: पैसे खरंच आलेत का? आणि आपले आहेत का?*

नुसत्या मेसेजवर विश्वास ठेवू नका. बँकेसारखा दिसणारा खोटा मेसेज कुणीही पाठवू शकतो. बँकेच्या ॲपवर शिल्लक बघा, किंवा पासबुकवर नोंद करून आणा.

पैसे खरंच आले असतील तर नोंदीसमोर काय लिहिलंय ते वाचा. यूपीआय किंवा आयएमपीएस असेल तर कुणीतरी मोबाईलवरून किंवा ॲपवरून पाठवलेत. एनईएफटी असेल तर पाठवणाऱ्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव बहुधा तिथेच असतं. आधार किंवा डीबीटी असा उल्लेख असेल तर ते बहुतेक सरकारी अनुदान असतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आधारवर येणारं अनुदान, तुमचा आधार ज्या खात्याला अनुदानासाठी जोडलेला आहे त्या खात्यात जातं. अर्जावर तुम्ही वेगळी बँक लिहिली असली तरी पैसे या खात्यात येऊ शकतात. त्यामुळे विसरलेल्या जुन्या खात्यात अचानक पैसे दिसले, तर ते तुमच्याच हक्काचे असू शकतात. अनोळखी रक्कम म्हणजे चुकीचीच असं धरून बसू नका. बँकेतून खात्री करून घ्या.

रक्कम आपल्या कंपनीकडून आली असेल तर काटा पावती आणि हिशोबाची पट्टी घेऊन कार्यालयात या. आपण समोरासमोर बसून हिशोब जुळवू.

*‘आमच्या खात्यात आले म्हणजे आमचे’ असं का म्हणता येत नाही?*

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे, चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. चूक पाठवणाऱ्याची असो नाहीतर बँकेची, मिळालेल्या माणसाचा त्या पैशावर हक्क तयार होत नाही. आणि पैसे आपले नाहीत हे माहीत असूनही लबाडीने वापरले, तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये त्यासाठी किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे.

पैठण तालुक्यातलं एक प्रकरण तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. २०२१ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात सुमारे १५ लाख रुपये जमा झाले. सरकारनेच पाठवले असं समजून त्यांनी जवळपास ९ लाख काढले आणि घर बांधलं. काही महिन्यांनी कळलं की ती रक्कम एका ग्रामपंचायतीच्या विकासकामांची होती. उरलेली रक्कम परत गेली, पण घरात घातलेले ९ लाख आणायचे कुठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याच वर्षी बिहारच्या खगडिया जिल्ह्यात एकाच्या खात्यात साडेपाच लाख आले. बँकेने मागूनही त्याने परत दिले नाहीत, तर त्याला अटक झाली.

या दोन माणसांची वागणूक वेगळी आहे. एकाची समजूत चुकली, दुसऱ्याने सरळ नकार दिला. पण पैसे फेडायची वेळ दोघांवरही आली. शिल्लक दिसते म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता भरला किंवा लग्नात खर्च केला, तर पुढच्या हंगामातल्या पिकाच्या पैशातून ते भरायची पाळी येते.

रक्कम पीक कर्जाच्या खात्यात पडली तर थकबाकी कमी झालेली दिसते. कर्ज माफ झालं असं समजू नका. चूक सापडली की नोंद उलटी होते आणि थकबाकी पुन्हा उभी राहते.

*‘चुकून आले, परत पाठवा’ असा फोन आला तर?*

फोन करणारा खरा असू शकतो. पण फसवणूक करणारेही हेच वाक्य बोलतात. त्यांचे प्रकार असे:

➡️ *खोटा मेसेज:* ‘१०,००० जमा’ असा मेसेज येतो, पाठोपाठ फोन: ‘दवाखान्यासाठीचे पैसे तुमच्याकडे आले, लगेच पाठवा.’ खात्यात काहीच आलेलं नसतं. तुम्ही पाठवता ते तुमचेच पैसे.

➡️ *पिन किंवा ओटीपी मागणं:* ‘परतीची रिक्वेस्ट आलीय, पिन टाका’ असं सांगतात. यूपीआय पिन पैसे *देण्यासाठी* किंवा ॲपमध्ये शिल्लक बघण्यासाठी लागतो. पैसे घ्यायला पिनची गरज नाही.

➡️ *चोरीचा पैसा पुढे सरकवणं:* हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. पैसे खरंच येतात, पण ते कुठल्यातरी फसवल्या गेलेल्या माणसाचे असतात. मग तुम्हाला *दुसऱ्याच* नंबरवर परत पाठवायला सांगतात. ज्याचे पैसे गेले तो तक्रार करतो, तपास तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि तुमचं खातं गोठवलं जातं. तुम्ही पुढे पाठवून मोकळे झालात असं वाटतं, पण मूळ मालकाला काहीच मिळालेलं नसतं. तो आणि बँक, दोघंही तुमच्याकडेच बोट दाखवतात.

➡️ *जास्तीचा चेक:* बाहेरगावचा नवा व्यापारी मालाच्या किमतीपेक्षा मोठा चेक देतो आणि वरचे पैसे रोख किंवा यूपीआयने परत मागतो. चेक नंतर परत येतो. माल गेला आणि वरून पैसेही गेले. चेक पूर्ण वटल्याचं बँकेतून कळेपर्यंत एक रुपयाही परत देऊ नका.

असा फोन आला तर वाद घालू नका, शिव्या देऊ नका. एवढंच बोला: ‘तुमचे पैसे असतील तर बुडणार नाहीत. तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार द्या, मी माझ्या बँकेत अर्ज देतो. बँकेतून परत येतील.’ खरा माणूस हे ऐकतो. धमकी आणि घाई सुरू झाली तर समजून जा.

*आपल्या कंपनीबद्दल एक स्पष्ट सूचना:* कंपनीकडून जास्त रक्कम जमा झाली तर आम्ही शिक्का-सहीचं लेखी पत्र देऊ आणि रक्कम फक्त कंपनीच्या खात्यावरच घेऊ. कंपनीचं नाव सांगून कुणीही खासगी मोबाईल नंबरवर पैसे मागितले, तर देऊ नका. आधी कार्यालयात येऊन विचारा.

*परत करायची बरोबर पद्धत*

१. पासबुकची नोंद आणि मेसेजचा फोटो जपून ठेवा. व्यवहार क्रमांक लिहून घ्या. यूपीआयचा क्रमांक १२ आकडी असतो.
२. तेवढी रक्कम खात्यात तशीच राहू द्या. एटीएममधून काढून कुणाला रोख देऊ नका. रोखीचा पुरावा राहत नाही.
३. शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. तोंडी सांगून आलात तर उद्या ते सिद्ध करता येत नाही.
४. रक्कम बँकेच्या स्वतःच्या चुकीने आली असेल तर बँक नोंद उलटी करते. दुसऱ्या कुणी पाठवली असेल तर बँक साधारणपणे तुमची संमती मागते. अर्जात ती देऊन ठेवा.
५. रक्कम परत गेल्यावर पासबुकवर वजावटीची नोंद करून घ्या.

अर्जाचा नमुना (कॉपी करून ठेवा):

_प्रति, शाखा व्यवस्थापक,_
_विषय: खात्यात अनोळखी रक्कम जमा झाल्याबाबत._
_माझ्या खाते क्रमांक ........ मध्ये दि. ........ रोजी रु. ........ जमा झाले आहेत. व्यवहार क्रमांक ........ ही रक्कम माझ्या कोणत्याही व्यवहाराची नाही. कृपया ती कोणी पाठवली याची चौकशी करावी. रक्कम चुकीने आल्याची खात्री झाल्यावर ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करण्यास माझी संमती आहे. अन्य कोणत्याही खात्यावर पाठवू नये. केलेली कार्यवाही लेखी कळवावी._
_नाव, सही, मोबाईल क्रमांक_

तक्रार देऊन ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

*सरकारी योजनेचे पैसे*

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये पात्र कुटुंबाला मिळतात. इथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. पती-पत्नी दोघांच्या खात्यात हप्ता येत असेल, किंवा घरात कुणी आयकर भरत असेल, तर ती रक्कम वसूल होऊ शकते. पीएम किसानच्या अधिकृत संकेतस्थळावर रक्कम परत करायची सोय आहे. जमत नसेल तर तालुका कृषी कार्यालयात विचारा. घरातलं माणूस वारल्यावरही त्याच्या खात्यात हप्ता किंवा पेन्शन येत राहिली, तर एटीएमने काढत बसू नका. बँक आणि संबंधित कार्यालयाला मृत्यूचा दाखला द्या. वारसाचा जो हक्क आहे तो रीतसर मिळतो.

*खातं गोठवलं असेल तर*

ऐन पेरणीच्या तोंडावर खातं बंद पडलं तर बियाणं-खताची अडचण होते. घाबरू नका, एजंट गाठू नका. शाखेतून लेखी माहिती घ्या: कोणत्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी? मग मालाची पट्टी, काटा पावती, व्यापाऱ्याचं बिल जोडून बँकेला आणि त्या पोलीस ठाण्याला अर्ज द्या. वादातल्या रकमेपुरताच अडथळा ठेवून बाकी खातं मोकळं करावं, अशी मागणी अर्जात करा.

हे टाळायचं असेल तर माल विकताना पक्की पट्टी घ्या आणि व्यापाऱ्याला त्याच्या फर्मच्याच खात्यातून पैसे पाठवायला सांगा. तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवरून येणारे पैसे घेऊ नका. आणि ‘खातं आठ दिवस वापरायला द्या, कमिशन देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

*आणि आपलेच पैसे दुसरीकडे गेले तर?*

त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी तक्रार द्या. यूपीआयने गेले असतील तर ॲपमध्येही तक्रार नोंदवा. फसवणूक झाली असेल तर क्षणभरही न थांबता *१९३०* वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आज तुमच्या खात्यात आलेली रक्कम गावातल्याच एखाद्याच्या कांद्याची किंवा विम्याची असू शकते. उद्या तुमची पट्टी दुसऱ्याच्या खात्यात गेली, तर त्यानेही अर्ज घेऊन बँकेत जावं असंच तुम्हाला वाटेल.

शंका असेल तर पासबुक घेऊन कार्यालयीन वेळेत या. अर्ज लिहायला कार्यालयात मदत मिळेल. त्यासाठी कुठलाही आकार नाही. पिन आणि ओटीपी मात्र आम्हालाही सांगू नका.

हा मेसेज आपल्या गावाच्या ग्रुपवर जरूर पाठवा. 🙏