फेणे मोठा का होत नाही?

रहस्य एकदा उलगडले की रहस्यकथेचे काम संपावयास हवे. मग भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची पुस्तके लोक पुनःपुन्हा का वाचतात? चोर कोण हे ठाऊक असलेला वाचकही पुस्तक खाली ठेवीत नाही. तेव्हा तो चोरासाठी येत नसून फेणेसाठी येतो, हे उघड आहे.

बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा. शिकावयास पुण्याच्या विद्याभवनात. अंगाने काडी, पण सायकलवर बसला की वारा. गावचा हा पोरगा पुस्तकामागून पुस्तकात संकटे अंगावर घेतो, तरी शाळकरीच राहतो. वाचक मात्र मोठा होतो, नोकरीस लागतो, डोंबिवलीची गर्दीची लोकल पकडतो. पुस्तक उघडताच त्याला आपले हरवलेले वय जागच्या जागी सापडते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवरही मागच्या पिढीचा असाच जीव होता.

भागवत २००१ साली गेले. २०१७ सालच्या चित्रपटाने फेणेला तरुण केले. पुस्तकांत तो अजून शाळेतच आहे.

परंतु ही माया वारसाहक्काने मिळत नाही. आपण नुसते गुणगान केले, तर मुलाच्या हाती काहीच पडत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. तेथे स्वतःसाठी पुस्तक घेताना एक मुलासाठीही मागा, आणि चोर कोण ते मात्र सांगू नका.