संगणकातील विषाणूंची झडती

'व्हायरस' म्हटले की आमच्या घरी ताप-खोकलाच आठवतो. संगणकाचा विषाणू मात्र माणसानेच लिहिलेली, स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली असते. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडून बसे. आता फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला.

स्कॅन करणारी आज्ञावली प्रत्येक फाइल आपल्याजवळच्या खुणांच्या यादीशी ताडून पाहते. पोलीस ठाण्यातील गुन्हेगारांच्या फोटोंसारखेच हे! गंमत अशी, की 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल केवळ चाचणीसाठी बनविली आहे. ती दिसताच स्कॅनर ओरडतो. उलट, कालच जन्मलेला खरा विषाणू निसटूही शकतो. काही विषाणू संशयास्पद वागणुकीवरून सापडतात, सगळे नाही. तेव्हा 'विषाणू आढळला नाही' याचा अर्थ 'ओळखीचा आढळला नाही' एवढाच. म्हणून स्कॅनआधी यादी अद्ययावत करावी.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आपण दाखले पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथल्या संगणकाला दिवसभरात किती पेनड्राइव्ह लागत असतील! माझे वडील शेतमजूर. उत्पन्नाच्या दाखल्यापायी त्यांचे दोन रोज बुडाले. दुकानातून आल्यावर मी पेनड्राइव्ह आधी स्कॅन करतो, मगच उघडतो. दाखल्यांची दुसरी प्रत निराळ्या पेनड्राइव्हवर घरीच असते. ती दुकानात नेत नाही.