चळवळींचे डिजिटल दप्तर आणि शोधशब्दांचा प्रश्न

सामाजिक न्यायाच्या चळवळींची साधने दीर्घकाळ विखुरलेल्या अवस्थेत होती. काही कार्यकर्त्यांच्या घरी, काही ग्रंथालयांच्या बंद कपाटांत, तर काही सरकारी दप्तरखान्यांत. आता त्यांतील बराच भाग डिजिटल संग्रहांत उपलब्ध होत असल्यामुळे संशोधकाचे श्रम पुष्कळ कमी झाले आहेत. तथापि या सोयीबरोबर एक नवा धोकाही आला आहे. चौकटीत एखादा शब्द टंकलिखित करावा आणि ‘एकही नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळावे, म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही असा समज सहज होतो. वस्तुतः शून्य हे उत्तर त्या शब्दाविषयी असते, घटनेविषयी नव्हे. हा भेद स्पष्ट होण्यासाठी महाडच्या सत्याग्रहाचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल.

घटनाक्रम सर्वपरिचित आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह योजिला असता न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला, आणि दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयात १९३७ साली लागला.

आता या घटनेचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. ‘दलित’ हा शब्द घेऊन तो १९२७ सालच्या साधनांत शिरला, तर त्याच्या हाती फार थोडे लागेल. त्या काळी चळवळीच्या लेखनात ‘बहिष्कृत’ व ‘अस्पृश्य’ हे शब्द प्रामुख्याने येत. सरकारी इंग्रजी कागदांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ अशी संज्ञा असे. १९३५ च्या कायद्यानंतर तिच्या जागी ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ ही संज्ञा आली. ‘हरिजन’ हा शब्द गांधीजींच्या चळवळीबरोबर रूढ झाला. ‘दलित’ हा शब्द जुना असला तरी त्याला आजचा व्यापक प्रसार १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरनंतर लाभला. यांतील प्रत्येक शब्दामागे एक काळ आणि एक पक्ष उभा आहे. यास्तव शोधशब्दाची निवड करणे म्हणजे कोणाची साक्ष ऐकावयाची हे ठरविणेच होय.

स्थळनामे व व्यक्तिनामे यांचीही हीच गत आहे. महाड ज्या जिल्ह्यात आहे तो १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ या नावाने ओळखला जात असे. ‘रायगड’ या नावाने जुन्या फायली सापडणार नाहीत. उच्च न्यायालयाचा निकाल पक्षकारांच्या नावांनी, म्हणजे ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ असा नोंदलेला आहे. त्या शीर्षकात ना सत्याग्रह आहे, ना महाड. जेथे केवळ फायलींची शीर्षकेच शोधता येतात, तेथे असा कागद समोर असूनही अदृश्य राहतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत लेखनपद्धतीची अडचण अधिक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘नाहीं’, ‘तळें’, ‘परिषदेंत’ असे सानुस्वार लेखन रूढ होते. आजच्या वळणाचा शब्द त्यांच्याशी जुळेलच असे नाही. शिवाय ‘तळे’ हा शब्द वाक्यात ‘तळ्यावर’, ‘तळ्याचे’ अशी रूपे धारण करतो. त्यात भर म्हणून, जीर्ण कागदावरील छपाई वाचताना यंत्र ‘ब’ व ‘व’, ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांत गल्लत करते. म्हणून पूर्ण शब्दाऐवजी त्याचा न बदलणारा अंश शोधणे आणि जुने व नवे लेखन दोन्ही तपासणे आवश्यक ठरते.

काही वेळा मात्र शून्य हे खरोखरीच साधनांच्या अभावाचे द्योतक असते, आणि त्याचे कारण शोधावे लागते. ‘मूकनायक’ हे १९२० साली सुरू झालेले पत्र महाडच्या परिषदेपूर्वीच बंद पडले होते. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी निघाला. अर्थात प्रत्यक्ष घटनेच्या दिवशी आंबेडकरांचे स्वतःचे पत्रच अस्तित्वात नव्हते. त्या दिवसांसाठी केवळ इतर वृत्तपत्रे व सरकारी कागद पाहिल्यास चित्र एकांगी होते. स्त्रियांविषयीची उणीव याहून खोल आहे. डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांनी महाड येथे स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. परंतु चळवळीतील स्त्रियांचे स्वतःचे बोल छापील पानांत विरळाच आढळतात. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध करताना जुन्या कागदांबरोबर प्रत्यक्ष मुलाखतींचा आश्रय घेतला, तो याच कारणाने.

यावरून कार्यपद्धतीचे काही नियम निष्पन्न होतात. प्रथम तारखांची यादी करावी व त्या तारखांचे अंक शब्दाविना, पान उलटावे तसे पाहावेत. त्यांत जे शब्द आढळतील त्यांचीच पुढे शोधशब्द म्हणून योजना करावी. संग्रहात काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे आरंभीच जाणून घ्यावे. कोणत्या संग्रहात, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांनी शोध केला, याची नोंद प्रबंधात द्यावी, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकास ती पडताळता येईल.

ज्या समाजाला शतकानुशतके लिहिण्यापासून दूर ठेवले गेले, त्याच्या इतिहासाबाबत ‘नोंद नाही’ हे विधान निष्काळजीपणे करणे म्हणजे जुन्याच अन्यायाला नव्या साधनाने दुजोरा देणे होय. ते विधान लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या शब्दांनी विचारले, हे संशोधकाने स्वतःस पुन्हा एकदा विचारावे.