नाहरगड चढण्याआधी

जयपुरात चालणाऱ्या-धावणाऱ्यांना नाहरगडाची चढण खुणावतेच. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र घाई करू नये. शस्त्रक्रियेत बसवलेला नवा बंध सुरुवातीला मजबूत असतो. पुढे त्यात रक्तवाहिन्या शिरतात, त्याची आतून पुनर्रचना होते आणि या काळात तो कमकुवत पडतो. नेमकी तेव्हाच सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि माणसाला आपण ठणठणीत झालो असे वाटते. खरा धोका इथे आहे.

पहिल्या आठवड्यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या: गुडघा पूर्ण सरळ होणे आणि सुजेमुळे सुस्तावलेला मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे. पुढे जिने चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव कठीण जातो, कारण उतरताना हा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. म्हणून गड उतरणे ही मोठी परीक्षा.

धावपळीच्या, वळणावळणाच्या खेळांत शस्त्रक्रियेनंतर साधारण ९ महिने होईपर्यंत परतू नये. तेव्हाही शस्त्रक्रियेच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. ती अंदाजाने ठरवू नका. फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही पाय मोजून घ्या.