तुळजापूरचा घाट आणि १०८९ सीसी

मे महिन्यातला रविवार. आम्ही सगळे तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. घाटात चढ लागला तसे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती उभी राहिली. वडिलांनी घाई केली नाही. बॉनेट उघडलं, फिरकीच्या तांब्यातलं पाणी पंच्यावर ओतलं, पंचा पिळला आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोल पंपाभोवती गुंडाळला. "दहा मिनिटं थांबू," एवढंच म्हणाले. दहा मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फमध्ये सुरू झाली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. ओल्या पंच्याने गाडी सुरू होते, हे मला देवीच्या दर्शनापेक्षा मोठं नवल वाटलं.

गाडी होती १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. ती अजून आमच्याकडे आहे. तिची देखभाल मी घरीच करतो, आणि गेली काही वर्षं तिला थोडी अधिक चपळ, अधिक भरवशाची करायचा उद्योगही चालवला आहे. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यात ही चार दारांची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली कुटुंबाची गाडी बसत नाही. तिच्या इंजिनाचं गोत्र शोधत गेलो तेव्हा मात्र माझं मत बदललं.

सिलिंडरचा व्यास ६८ मिलीमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलीमीटर. अशी चार सिलिंडरं, म्हणजे १०८९ सीसी. ही मापं १९३७ साली इटलीत तूरिन इथे फियाटच्या ५०८ सी या गाडीसाठी ठरली. दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हाताखाली ते इंजिन घडलं. ताकद जेमतेम ३२ अश्वशक्ती, पण बांधा दणकट आणि श्वास मोकळा. तिथल्या गॅरेजवाल्यांनी ते लगेच हेरलं. एंझो फेरारी अल्फा रोमिओतून बाहेर पडला तेव्हा चार वर्षं स्वतःचं नाव लावून रेसिंग करायचं नाही, अशी अट त्याच्यावर होती. त्याने दुसऱ्याच नावाने कारखाना काढला आणि १९४० च्या मिल्ले मिल्या शर्यतीसाठी '८१५' नावाच्या दोन गाड्या बांधल्या. त्यांच्या एका रांगेतल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर हेड बसवले होते ते या ११०० फियाटचे, दोन एकामागे एक. त्यातली एक गाडी अल्बेर्तो आस्कारीने चालवली. तो पुढे १९५२ आणि १९५३ असा दोनदा जगज्जेता झाला. त्या दिवशी मात्र दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत.

युद्ध संपलं तेव्हा इटलीकडे पैसा नव्हता, नवं इंजिन घडवायची सोय नव्हती. उद्योजक प्येरो दुझिओने चिझितालिया नावाच्या गाड्या काढल्या आणि त्यांत हेच १०८९ सीसीचं इंजिन घातलं. वेगळा कार्बोरेटर, वाढवलेलं कॉम्प्रेशन, घासून गुळगुळीत केलेल्या वाटा. ताकद जवळपास दुप्पट झाली. १९४७ च्या मिल्ले मिल्यात चोपन्न वर्षांचा शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी ही छोटी गाडी घेऊन धो धो पावसात कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे राहिला आणि अखेर दुसरा आला. त्याच इंजिनाची, बॉडी घडवणाऱ्या पिनिनफारिनाने अंगरखा चढवलेली चिझितालिया २०२ ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या कायमच्या संग्रहात घेतली.

हे इंजिन आपल्याकडे आणण्यामागे जो माणूस होता, तो आमच्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ सालचा, इथलाच. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तिथून बोगदे, जहाजं, विमानं असा तो प्रवास निघाला. मोटारीचा कारखाना काढायचं त्यांनी युद्धापूर्वीच मनात घेतलं होतं. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कुर्ल्याला कारखाना झाला. आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद गेले आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्यातून ११०० बाहेर पडू लागली. ती त्यांनी पाहिली नाही, याची मला फार हळहळ वाटते. सोलापुरात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, इंजिनिअरिंगचं कॉलेजही आहे. पण ज्या इंजिनावर आपल्या दोन पिढ्या गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकल्या, त्याच्याशी या गावाचं नातं आहे, हे मी कुणाला सांगितलं की लोक चकित होतात.

डिलाइट १९६४ साली आली. तिचं रूप इटलीतल्या ११०० डी गाडीचं. तिथे त्या गाडीत १२२१ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे रूप नवं आलं आणि काळीज १०८९ सीसीचंच राहिलं. पुढे ती प्रेसिडेंट झाली, मग १९७४ पासून पद्मिनी. विसावं शतक संपेपर्यंत ती बनत होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला मृत्युलेखासारखे लेख वाहिले. सुटे भाग या साठ वर्षांत कितीदा बदलले, पण ६८ आणि ७५ ही मापं तीच राहिली.

आता घरच्या कामाबद्दल. या गाडीचं बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते, इतकी मोकळी जागा आहे. हात जातो, पाना फिरतो. मला टॅपेट सेट करायला शिकवलं ते एका मिलमधल्या फिटरने. गिरणी बंद पडल्यावर ते गाड्यांची कामं करू लागले होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. इंजिन थंड असताना करायचं काम आहे. हाताने इंजिन फिरवायचं, ज्या सिलिंडरचं काम त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, मग फीलर गेजची पट्टी मध्ये सरकवायची. ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर सैल, अडली तर घट्ट; किंचित ओढ लागली पाहिजे. मामा म्हणायचे, "खडखडला तर चालंल बे, गप बसला तर घाबर." त्यात शास्त्र आहे. फट जास्त असेल तर नुसता आवाज होतो. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळता वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतो आणि कड जळून जाते.

प्लग काढून त्याचा रंग पाहायला त्यांनीच शिकवलं. काजळी धरलेला काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, विटकरी म्हणजे ठीक. डेल्कोतले (डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉइंट घासून पुसून त्यांची फट बघायची, पाट्यांना ग्रीस भरायचं, पंख्याचा पट्टा बोटाने दाबून बघायचा. या कामांना महागडी हत्यारं लागत नाहीत. लागते ती नियमितपणे वेळ द्यायची तयारी आणि एक वही. माझ्या वहीत वडिलांच्या हाताच्या नोंदीही आहेत, ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरवर.

गाडी वेगवान करायची हे डोक्यात आलं तेव्हा मी आधी कार्बोरेटरकडे वळलो होतो. मामांनी अडवलं. "पळवायचं मागनं बघू, आधी थांबती का बघ." डिलाइटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. घाट उतरताना ब्रेक सारखे दाबले की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पाय खाली खाली जाऊ लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. तापलं की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून पहिला बदल दोन सर्किटांच्या मास्टर सिलिंडरचा, त्याबरोबर नव्या नळ्या, नवं ऑइल. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणारे पुष्कळ आहेत, पण ते काम मी जाणत्या वर्कशॉपकडे दिलं. ब्रेकच्या बाबतीत घरच्या घरी शिकण्याची हौस बाळगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा बदल उष्णतेचा. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर सहज जातो. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो, तेव्हा रेडिएटर उतरवून साफ करून घेतला आणि त्यानंतर साधं पाणी घालणं बंद केलं, कूलंट घालू लागलो. विजेवर चालणारा पंखा लावला, कारण मूळ पंखा पट्ट्यावर फिरतो आणि सात रस्ता चौकाच्या गर्दीत इंजिन मंद चालत असताना तोही मंद फिरतो. पण पंखा लावल्यावर कळलं की डायनामोला त्याचं ओझं पेलत नाही. मंद वेगात तो जवळजवळ चार्जच करत नाही. म्हणजे अल्टरनेटर आला. एक भाग बदलला की तो शेजारच्या भागाला हलवतो. ही साखळी आधीच कागदावर मांडली तर खर्च आणि चिडचिड दोन्ही वाचतं.

आणि तो ओला पंचा? मूळ पंप इंजिनाला चिकटलेला. घाटात इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओल्या पंच्यातलं पाणी उडताना ती उष्णता घेऊन जातं. आता मी मागे, टाकीजवळ, विजेचा पंप बसवला आहे. तिथे थंड पेट्रोल ढकललं जातं. पंचा मात्र अजून डिकीत असतो.

त्या जुन्या पंपाला हलवणारा उंचवटा ज्या दांड्यावर असतो तो म्हणजे कॅमशाफ्ट, आणि माझ्या मते कुठल्याही इंजिनाचा स्वभाव या दांड्यावर लिहिलेला असतो. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा तो एकदा फिरतो. त्याच्यावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती, किती वेळ, हे ठरवतात. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला तेहेतीस वेळा उघडतो. उंचवटा थोडा रुंद केला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, वरच्या वेगात इंजिन भरभरून श्वास घेतं. त्याची किंमत खालच्या वेगात मोजावी लागते: मंद चालताना इंजिन अडखळतं, गर्दीत गाडी ओढत नाही. शर्यतीतल्या गाडीला ते परवडतं. मंगळवार पेठेतून जाणाऱ्या गाडीला नाही.

कॅमशाफ्टचा शोध मला घराजवळच घेऊन आला. १९९२ साली सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली आणि आज देशोदेशीच्या मोटारींत सोलापुरात ओतलेले कॅमशाफ्ट फिरतात. तिथली विद्या मोठी सुंदर आहे. ओतीव लोखंडाचा कॅमशाफ्ट करताना साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडाचे तुकडे ठेवतात. वितळलेला रस तिथे लागताच झटकन गोठतो आणि ती त्वचा अतिशय कठीण होते; मधला दांडा सावकाश निवतो, म्हणून तो मऊ आणि लेथवर कापण्याजोगा राहतो. एकाच ओतकामात दोन धातू असावेत तसं. सूतगिरण्यांचे भोंगे थांबलेल्या या गावात आजही धातूचं काम जाणणारे हात आहेत, याचा मला अभिमान वाटतो. माझा कॅमशाफ्ट मात्र मी मूळचाच ठेवला आहे. हेडच्या वाटा घासून सारख्या केल्या, हेड किंचित प्लेन करून घेतलं, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं. एवढ्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागते, पूर्वी दुसरा टाकावा लागे.

अलीकडे मोठी अडचण इथेनॉलची आली. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं बरंच इथेनॉल उसाच्या मळीतून आणि रसातून येतं, आणि सोलापूर तर साखर कारखान्यांचा जिल्हा. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो हे चांगलंच आहे. पण १९६८ च्या रबराने इथेनॉल कधी पाहिलेलं नव्हतं. नळ्या फुगल्या, कार्बोरेटरमधलं पॅकिंग मऊ पडलं. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत गंज धरतो. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. प्लग पांढरे दिसू लागले तेव्हा मुख्य जेट एक माप मोठा केला. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हे काम लवकरात लवकर उरकावं. पेट्रोलची झिरपती नळी तापल्या इंजिनावर असणं म्हणजे आगीला निमंत्रण.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. दुसरं इंजिन घालायचं तर आरटीओची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात; पण तिथे गाडी मूळ रूपात हवी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: बॉडीचा पत्रा कापायचा नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायचा. डायनामो, पॉइंट, जुना पंप, सगळे माळ्यावर आहेत. एका शनिवारात गाडी पुन्हा १९६८ ची होऊ शकते.

मागच्या मेमध्ये माझा भाचा बरोबर होता. पहाटे साडेपाचला टॅपेट तपासले. एक्झॉस्टचा तिसरा घट्ट होता, तो त्याने स्वतः सैल करून पट्टीची ओढ जमवली. तीन वेळा पट्टी अडकली, चौथ्या वेळी म्हणाला, "मामा, आता ओढ लागतीय." तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. वर पोहोचल्यावर त्याने सवयीने मोबाइल काढला नाही, बॉनेट उघडलं आणि पंपाच्या जुन्या जागेवर तळहात धरून किती गरम आहे ते बघितलं.