बेतीच्या यार्डातली जुनी बोट

सकाळी सहा

बोटीकडे जायच्या आधी मी कागदांकडे जाते. विक्रेत्याकडून कागद कालच मागवून ठेवले होते. ३६ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट, फ्रान्समध्ये बांधलेली, २०००ची. एक परदेशी दर्यावर्दी ती घेऊन गोव्यात आला, इथेच विकून गेला, आणि आता दुसरा मालक विकतो आहे. अशा बोटीत पहिला प्रश्न डोलकाठीचा किंवा इंजिनाचा नसतो, सीमाशुल्काचा असतो. परदेशी झेंड्याखाली आलेली बोट इथे विकली गेली म्हणजे ती आयात झाली. शुल्क भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, हातात नसेल तर ते देणं नव्या मालकाच्या मागे लागतं. शिवाय नोंदणीचा दाखला, आधीच्या विक्रीचा करार, यार्डाची थकबाकी नसल्याची चिठ्ठी. बोटीच्या मागच्या भिंतीवर उजव्या अंगाला हलचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाचा, क्रमांक कोरलेला असतो. तो आणि दाखल्यावरचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. इथे बिल ऑफ एंट्रीची फक्त झेरॉक्स आहे. वहीत पहिली नोंद हीच केली.

घ्यायला आलेले काका बऱ्हाणपूरचे. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त. आमचं घर निंबोल्याला, असीरगडच्या रस्त्यावर. गावची मुलगी गोव्यात बोटी तपासते हे त्यांना माझ्या बाबांकडून कळलं. बाबांचा फोन या वेळेला येतोच, केळीला पाणी सोडून झालं की. आज म्हणाले, "पाहुण्यांचे पैसे जपून खर्च होऊ दे बेटा." मी कोचीला जहाजबांधणी शिकले तेव्हापासून त्यांना माझ्या कामातलं एवढंच महत्त्वाचं वाटत आलं आहे, आणि त्यात ते बरोबर आहेत.

साडेसात

मांडवीच्या उत्तर काठावर, बेतीजवळ. काल दुपारच्या भरतीला बोट क्रेनने वर काढली, रात्रभर आधारावर उभी आहे. पाण्यात तरंगणारी बोट बघून सौदा करू नये, हे मी प्रत्येकाला सांगते. वर काढायचा खर्च घेणाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणून लोक टाळतात. पण बोटीचं जे खरं दुखणं असतं ते बहुतेक पाण्याच्या रेषेखाली असतं.

"बाहेरून तर चकचकीत आहे," काका म्हणाले. तळाला नवा लाल रंग आहे. शिंपले धरू नयेत म्हणून हा रंग दर एक-दोन वर्षांनी लावावाच लागतो, पण विकायच्या आदल्या महिन्यात लावला असेल तर मला खालचं बघावंसं वाटतं. मालकाच्या परवानगीशिवाय खरवडता येत नाही. फोन केला, परवानगी मिळाली, पाच-सहा ठिकाणी हाताच्या तळव्याएवढे तुकडे खरवडले. मागच्या बाजूला वाटाण्याएवढे फोड आहेत. एक टोचला, तर चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास. फायबरग्लासच्या थरांत वर्षानुवर्षं पाणी झिरपून हे होतं. काका घाबरले. मी त्यांना सांगितलं, या फोडांनी बोट बुडत नाही. भाव कमी करायला ते उपयोगाचे, बोट सोडून द्यायला नाहीत.

मग हातोडी. प्लास्टिकच्या डोक्याची, छोटी. सगळ्या तळावर वीत-वीत अंतराने ठोकत जायचं. एकसंध ठिकाणी आवाज टणक आणि छोटा येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी असेल तर आवाज बसका होतो. ओलाव्याचं यंत्रही लावते, पण एका रात्रीत हल सुकत नाही, म्हणून नुसता आकडा धरून बसत नाही. पाण्याच्या रेषेच्या वर आणि खाली किती फरक आहे तेवढा बघते. या कामाला दोन तास लागतात आणि ते दोन तास कुणाशी बोलायचं नसतं.

साडेनऊ

कील. बोटीखालचा हा लोखंडी पंखा या बोटीला टनांच्या हिशोबात वजन देतो, वाऱ्याने आडवी होऊ देत नाही, आणि हलला फक्त बोल्टांनी धरलेला असतो. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते, आणि आजही घालवला.

मे २०१४ मध्ये चीकी रफिकी नावाची ४० फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत होती. उत्तर अटलांटिकमध्ये तिची कील निखळली, बोट उलटली, चौघे गेले. चौकशी करणाऱ्यांच्या मते, आधी अनेकदा तळ टेकल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे हल आणि आतला सांगाडा यांची पकड कमजोर झालेली असू शकते. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून मी मालकाला "कधी तळाला लागली होती का" असं विचारत नाही. "कुठे लागली होती" असं विचारते. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. इथे वर्षानुवर्षं फिरलेली बोट कधीच टेकली नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

कील जमिनीवर आपटली की पुढची कड खाली ओढली जाते आणि मागची कड वर, हलमध्ये घुसते. म्हणून पुढे सांधा उघडलेला दिसतो, आणि मागच्या टोकाच्या बरोबर वर, बोटीच्या आत, आडव्या पट्ट्यांना तडे जातात. पुढे केसाएवढी फट आहे, रंगाखाली पुटी भरलेली. मग आत गेले, फरशीच्या फळ्या उचलल्या, कीलच्या मागच्या टोकावरची जागा घासून पुसून टॉर्च आडवा धरला. आडव्या पट्ट्या हलला जिथे चिकटतात त्या कडा अखंड आहेत. बोल्टांच्या नटांवर गंज आहे, पण वरवरचा. नटाखालून गंजाचं पाणी ओघळल्याचा डाग एका ठिकाणी सापडला. तो एक बोल्ट काढून बघावा लागेल, तसं लिहिलं. काका वाकून बघत होते. जहाजावर त्यांनी याहून कितीतरी मोठे बोल्ट बघितले असतील, पण त्यांनी प्रश्न नेमका विचारला: "काढायला मालक हो म्हणेल?" नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

सुकाणूलाही दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. बेअरिंगमध्ये थोडा खेळ आहे, बदलता येतो. पण खालच्या कडेवर तपकिरी पाण्याचा ओघळ दिसला. सुकाणूच्या पोटात पाणी गेलंय, आणि आतला पोलादी सांगाडा तिथे बंद पाण्यात बसलाय. स्टेनलेस स्टीलला उघडी हवा चालते. बंद, शिळं, खारं पाणी त्याला आतून खातं.

अकरा

आतली तपासणी नाकाने सुरू होते. बुरशी, डिझेल, सांडपाणी, तिन्ही वेगळे ओळखू येतात. तळाशी साचलेल्या पाण्यात हाताचं बोट बुडवून चव घेतली. गोडं आहे, म्हणजे पावसाचं, वरून येतंय. खारं असतं तर खालून शोधायला लागलं असतं.

हलमधून पाणी आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या सगळ्या नळ्यांच्या झडपा उघडून-बंद करून बघितल्या. एक हलतच नाही. दुसरी सुरीने थोडी खरवडली तर आत गुलाबी रंग दिसला. साध्या पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं, मागे ठिसूळ तांबं राहतं, आणि एक दिवस हातात अर्धी झडप येते. बोट बुडायला एवढंच पुरतं. बदलायला फार पैसे लागत नाहीत, म्हणूनच या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं याचा मला राग येतो. वायरी मात्र बऱ्या आहेत, कथिलाचा मुलामा असलेल्या. पुष्कळ बोटींत मोटारीच्या वायरी घातलेल्या सापडतात आणि त्या आतून हिरव्या झालेल्या असतात.

गोडं पाणी कुठून येतंय ते डेकवर सापडलं. डोलकाठीच्या पोलादी तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या चेनप्लेट डेकमधून खाली जातात. डाव्या बाजूच्या चेनप्लेटभोवती हातोडीचा आवाज बसका. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड आहे, हलकं आणि मजबूत, पण कोरडं असेपर्यंतच. पावसाळ्यात गोव्यात बोट चार महिने झाकून ठेवली तरी एका फटीतून ते कुजतं. दोन हात लांबीचा भाग गेलाय. त्याहून वाईट म्हणजे त्याच ओल्या जागेत चेनप्लेट आहे, आणि ती बाहेर काढल्याशिवाय तिचं काही सांगता येणार नाही.

साडेबारा

दोराने वर, डोलकाठीच्या टोकापर्यंत. यार्डातले मिस्त्री दोर धरतात आणि खालून "ताई, सावकाश" म्हणत राहतात. प्रत्येक तारेवरून रुमाल फिरवला. एक धागा जरी तुटला असेल तरी रुमाल अडकतो. खालच्या एका फिटिंगपाशी अडकला. तारा कधी बदलल्या, याची पावती मालकाकडे नाही. विमा कंपन्या साधारण दहा-बारा वर्षांनी तारा बदलायला सांगतात. आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत मी त्याच्याही आधीच सांगते. पावती नसेल तर तारा मूळच्याच धरायच्या, म्हणजे २०००च्या.

दीड

डबा. काकांना आधी लाकडी बोट हवी होती. त्याला कारण सुहेली. मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेली ती ३२ फुटी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून आला, असं करणारा पहिला माणूस. मी त्यांना त्याच गोष्टीचा दुसरा भाग सांगितला. अटलांटिकमध्ये कीलजवळच्या सांध्यातून तिच्यात पाणी येऊ लागलं, आणि त्याला बोटीखाली बुड्या मारून सांध्यात कापूस भरून वर तांब्याची पट्टी ठोकावी लागली. आपल्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडेही आहेत. लाकडी बोट मला फार आवडते, पण ती सांभाळणारा सुतार शेजारी असला पाहिजे.

वापरलेली बोट कमी दर्जाची, असंही नाही. अभिलाष टॉमी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोबच्या शर्यतीत दुसरा आला तो रस्टलर ३६ जातीच्या जुन्या बोटीवर. २०१८ च्या त्याच शर्यतीत तीच बोट इस्तवान कोपारने नेली होती. दुसरीकडे इथून वर, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात म्हादेई नवी कोरी बांधली गेली आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. नवी असो की जुनी, प्रत्येक सांधा माहीत असलेला माणूस तिच्यावर होता.

अडीच

भरती. बोट पुन्हा पाण्यात. इंजिन सुरू करायच्या आधी मी हात ठेवून बघितलं, थंड आहे ना. निंबोल्यात जुनं डिझेल पंपाचं इंजिन घ्यायला गेलं की बाबा हेच करतात, कारण आधीच गरम केलेलं इंजिन लगेच सुरू होतं आणि दोष लपतात. हा भाग मात्र मी काकांवर सोडला. चीफ इंजिनिअरला डिझेल काय शिकवायचं. त्यांनी तेल बोटांत घासलं, दुधाळ नाही. धूर सुरुवातीला पांढरा, मग साफ. एक्झॉस्टमधून पाणी व्यवस्थित येतंय. शाफ्टची सीलही कोरडी. "इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

साडेतीन ते सहा

ओहोटीबरोबर रेईश मागूश किल्ल्याखालून बाहेर, आग्वादच्या उपसागरात. दुपारचा वायव्य वारा आला होता. शिडं वर. कापड मऊ पडलंय. शिवणीचा दोरा नखाने खरवडला तर तुटला, उन्हाने मेलाय. ते मी आधीच धरलं होतं. बोट कलली तेव्हा मी वाऱ्याची मजा घ्यायला वर थांबले नाही, खाली गेले. ताण आलेला असतानाच दरवाजे अडकतात का, कुठल्या भिंतीतून करकर येते, फळ्यांखाली पाणी वाढतं का, हे कळतं. दरवाजे सगळे उघडले. डाव्या चेनप्लेटखालून एक थेंब आला. वाऱ्याकडून वळताना सुकाणू हलकं, प्रतिसाद चांगला. बोटीचा आकार, तिचं समुद्रावर चालणं उत्तम आहे. हे दुरुस्त करून मिळत नाही, ते मुळात असावं लागतं, आणि हिच्यात आहे. काकांनी अर्धा तास सुकाणू सोडलं नाही.

परतीला पूर्ण वेगाने इंजिन चालवलं. तापमान स्थिर. रिव्हर्स घेताना बोट उजवीकडे ओढते, तेवढं लक्षात ठेवायचं.

रात्री आठ

अहवाल. मी तीन ओळींत सांगते आणि मग पानं भरते. समुद्रात न्यायच्या आधी बदलायचं: सगळ्या तारा, दोन झडपा, डाव्या चेनप्लेटसकट तिथला डेक. पुढच्या हंगामात करायचं: सुकाणू उघडून बघणं, शिडं, फोड. आणि विकत घ्यायच्या आधी: कीलचा तो एक बोल्ट, आणि बिल ऑफ एंट्रीची मूळ प्रत.

काकांचा फोन आला. "घेऊ का?"

मी म्हटलं, "काका, बोट चांगली आहे, मालकाने सांगितलेला भाव चांगला नाही. दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करा, आणि तेवढेच पैसे तारांसाठी वेगळे बाजूला ठेवून मग बोला. बोल्ट काढू दिला आणि मूळ कागद हातात दिला, तर घ्या. दोन्हीपैकी एकाला नाही म्हणाला, तर सोमवारी चापोऱ्याला दुसरी एक आहे, ती बघू."

"सोमवारी भरती किती वाजता?" त्यांनी विचारलं.