तिकीट एका कंपनीचे, विमान दुसरीचे. मग बॅग कुणाच्या नियमाने?

रमजानमध्ये केलेल्या उमराहचे पुण्य हजइतके मानले जाते. त्यामुळे या महिन्यात मढ-मालवणीतूनही यात्रेकरू मक्का-मदिनेला निघतात. कुणी मढ जेट्टीवरून होडीने वर्सोवा गाठतो, कुणी मार्वे रस्त्याने मालाड. पुढे सगळ्यांची वाट सहार विमानतळाची. परतताना सामानात अजवा खजूर, तसबीह, जानमाज आणि आबे-जमजम असते. हे तबर्रुक, म्हणजे प्रसाद, कोळी आणि ईस्ट इंडियन शेजाऱ्यांच्या घरीही जाते.

पण पै-पै साठवून गेलेल्या यात्रेकरूला जेद्दाहच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे मागितले, की आनंदावर विरजण पडते. गोंधळाचे एक कारण असते ‘कोडशेअर’. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या विमानातील जागा स्वतःचा क्रमांक लावून विकणे, म्हणजे कोडशेअर. 2019 मध्ये कतार एअरवेज आणि इंडिगो यांनी असा करार जाहीर केला. त्यात मुंबई-दोहा मार्गावरील इंडिगोच्या विमानांना कतारचाही क्रमांक देण्याचे ठरले. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’पुढे छापलेले नाव प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचे असते.

मग नियम कुणाचा? विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या जागतिक संघटनेच्या पद्धतीनुसार एका तिकिटावरील प्रवासासाठी एक मुख्य कंपनी ठरते. ती कोडशेअर उड्डाणाची असेल, तर साधारणपणे विमान चालवणाऱ्या कंपनीचा नियम धरतात. मात्र त्या कंपनीने वेगळे जाहीर केले असल्यास तिकीट विकणाऱ्या कंपनीचा. प्रवाशाने हे कोडे सोडवत बसू नये. ई-तिकिटातील ‘बॅगेज’ची ओळ जाताना आणि येताना, दोन्हींसाठी वाचावी. ‘30 के’ म्हणजे एकूण 30 किलो. ‘2 पीसी’ म्हणजे दोन नग. नगांच्या पद्धतीत प्रत्येक बॅगेची मर्यादा वेगळी असते. ती 23 किलो असेल, तर एक बॅग 26 आणि दुसरी 20 किलोची चालत नाही. दोन स्वतंत्र तिकिटे असतील, तर प्रत्येकाचा नियमही स्वतंत्र.

जमजमची चौकशी वेगळी करावी. जुलै 2019 मध्ये एअर इंडियाच्या जेद्दाह कार्यालयाने विमान बदलल्याचे कारण देऊन मुंबई आणि कोचीच्या उड्डाणांत जमजमचे कॅन नेता येणार नाहीत, असे कळवले होते. टीका होताच कंपनीने माफी मागितली आणि ठरलेल्या वजनात कॅन नेण्यास मुभा दिली.

बॅग फाटली किंवा उशिरा आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वी नोंद करून घ्यावी. भारताने 2009 मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत करायची असते. कोडशेअरमध्ये भरपाई तिकीट विकणाऱ्या किंवा विमान चालवणाऱ्या, कोणत्याही कंपनीकडे मागता येते.

मापात खोट करणाऱ्यांना ताकीद देणारी ‘अल-मुतफ्फिफीन’ ही सूरह कुरआनात आहे. दुकानदाराच्या तराजूला लागू असलेली ती ताकीद उमराहचे पॅकेज विकणाऱ्या एजंटालाही लागू आहे. ‘सामानाचं बघून घेऊ’ हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. पूर्ण पैसे देण्याआधी यात्रेकरूने किलो आणि नग लेखी मागावेत. तो त्याचा हक्क आहे.